तेल की रंग? : इंदूरच्या राजवाड्यातील लाकडाचा इतिहास

इंदूर शहराच्या मध्यवस्तीत होळकरांचा जुना राजवाडा उभा आहे. त्याच्या समोरील चौकात येणारा प्रवासी प्रथम मान वर करून पाहतो. सात मजल्यांचा तो दर्शनी भाग चढत चढत आकाशात गेलेला दिसतो. खालचे तीन मजले दगडाचे आणि त्यांवरचे लाकडाचे. खाली लोखंडी खिळ्यांनी जडलेला भव्य लाकडी दरवाजा, वर झरोके, सज्जे, महिरपी. दगड पाहून प्रवासी पायाच्या मजबुतीची वाखाणणी करतो, झरोके पाहून सुतारांच्या हाताची. परंतु एवढे लाकूड माळव्याच्या उन्हात आणि पावसात राखले कोणी, आणि कशाने, हा प्रश्न सहसा त्याच्या मनात उद्भवत नाही. दगडाची इमारत पुरी झाली की बांधणाराची चिंता बहुतांशी सरते. लाकडाच्या बाबतीत ती त्याच दिवशी सुरू होते.

राजवाडे कोणी बांधले, कोणी जिंकले आणि कोणी जाळले हे इतिहासग्रंथांतून सविस्तर आढळते. ते कोणी पुसले, कोणी तेल लावले आणि कोणी रंगविले याचा उल्लेख क्वचितच सापडतो. वास्तविक लाकडी वास्तूचे आयुष्य याच दुर्लक्षित कामावर अवलंबून असते. लाकडाला द्यावयाचे पांघरूण दोन जातींचे. एक आत मुरणारे : तेल, किंवा तेलात थोडी काव अथवा गेरू खलून केलेला पातळ हात, ज्यातून लाकडाच्या रेषा दिसत राहतात. दुसरे वर बसणारे : तेलिया रंगाचा जाड थर, जो लाकूड पूर्णपणे झाकून टाकतो. या दोहोंतून निवड करणे ही केवळ शोभेची बाब आहे असा समज प्रचलित आहे. इंदूरच्या राजवाड्याची हकीकत लक्षपूर्वक वाचली असता तो समज टिकत नाही.

गोमंतकीय वाचकास माळवा अगदीच परका नाही. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या पदरी सेनेचे मुख्य झाले, आणि त्यांच्यामागून कितीतरी गोमंतकीय घराण्यांनी उज्जयिनीची व इंदूरची वाट धरली. कोकणच्या ओल्या मुलखातून गेलेल्या या मंडळींना त्या पठारावरील कोरड्या हवेचे मोठे नवल वाटले असले पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या इंदुरात वर्षाचा पाऊस सरासरी एक मीटरच्या आसपास पडतो आणि तोही बव्हंशी चार महिन्यांत आटोपतो. गोव्यात त्याच्या सुमारे तिप्पट पडतो. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

राजवाड्याच्या बांधकामास मल्हारराव होळकर यांच्या कारकिर्दीत, १७४७ च्या सुमारास, आरंभ झाला असे सामान्यतः मानले जाते. मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूर येथे निवर्तले. त्यांच्यामागून अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले ते नर्मदातीरी महेश्वराहून, त्यामुळे इंदूरचा वाडा त्या काळी राजधानीचा मुख्य वाडा नव्हता. त्याच्यावर पहिले मोठे संकट आले ते १८०१ मध्ये. यशवंतराव होळकरांनी त्या वर्षी जुलैमध्ये उज्जयिनीपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता; त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरात सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले, शहर लुटले गेले आणि राजवाड्याचा बराच भाग जळाला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही कायमची राजधानी झाली. दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, तात्या जोग यांच्यासारखा कर्तबगार दिवाण कारभारावर असताना, वाडा पुन्हा उभारण्यात आला, आणि वरचे मजले पुन्हा लाकडाचेच करण्यात आले. अग्नीचा अनुभव नुकताच घेतलेल्या माणसांनी पुन्हा लाकूडच का निवडले असावे?

कारण उघड आहे. लाकूड हलके असते. सातव्या मजल्यापर्यंत दगडाचे ओझे चढविणे म्हणजे खालच्या भिंती दुप्पट जाड करणे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील निमाडच्या अरण्यांत साग होतो. आणि मराठी सुताराच्या हाताला सागवानाची सवय पुण्यापासूनच जडलेली होती. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातील साग आणल्याचे प्रसिद्धच आहे. त्या वाड्याची १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीत राख झाली, आणि १८७९ मध्ये बुधवारवाडा व विश्रामबागवाड्याचा काही भाग एकाच वेळी भस्मसात झाला, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. मराठ्यांच्या लाकडी वास्तूंचा इतिहास म्हणजे एका अर्थी अग्नीचा इतिहास होय. परंतु ज्या वास्तू जळाल्या नाहीत त्यांपैकी किती नुसत्या ओलाव्याने, वाळवीने आणि दुर्लक्षाने संपल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. अग्नी एका रात्रीत काम उरकतो म्हणून त्याची नोंद होते; कुजणे मुकाट्याने चालते.

माळव्यात जवस पूर्वापार पिकतो. जवसाचे, म्हणजे अळशीचे तेल हे वाळणाऱ्या तेलांपैकी एक. खोबरेल किंवा तीळतेल कितीही दिवस उघडे ठेवले तरी तेलकटच राहते; जवसाच्या तेलाचा पातळ हात हवेतील प्राणवायू शोषून घेतो, घट्ट होतो आणि अखेर चिवट पापुद्र्यासारखा होतो. म्हणजे हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. उलट वाळताना त्याचे वजन काहीसे वाढते. मुरदाडशिंग घालून उकळल्यास ते अधिक लवकर वाळते, आणि त्यात चंद्रूस किंवा राळ विरघळविली की रोगण तयार होते. (माळवा ज्या अफूसाठी जगप्रसिद्ध झाला त्या पिकाची खसखसही असेच वाळणारे तेल देते; युरोपातील चित्रकार पांढऱ्या रंगासाठी ते मुद्दाम पसंत करीत, कारण ते जवसाइतके पिवळे पडत नाही. अफूची एवढी एक निरुपद्रवी बाजू सांगून ठेवण्यास हरकत नाही.)

तेल लावण्याची रीत साधी परंतु चिकाटीची आहे. पावसाळा संपून लाकूड पुरते कोरडे झाल्यावर ते घासून स्वच्छ करावयाचे, कोमट तेलाचा हात द्यावयाचा, लाकूड जेवढे पिईल तेवढे पिऊ द्यावयाचे आणि उरलेले फडक्याने पुसून काढावयाचे. पुसण्यात कुचराई झाली की पृष्ठभाग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसून तो काळा पडतो. फळ्यांच्या टोकांना दोनदा तीनदा हात द्यावा लागतो, कारण लाकूड आपल्या पृष्ठभागापेक्षा टोकांतून कितीतरी पट अधिक पाणी ओढून घेते. आणि तेलाने भिजलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात कधीही टाकावयाची नाहीत. वाळताना तेल उष्णता सोडते. ढिगाच्या पोटात ती कोंडते, वाढत जाते आणि कोणी काडी न लावता फडकी पेट घेतात. लाकडाची इमारत राखणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच शिकावयाचे असते. फडकी उन्हात सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

असे तेल किती दिवस पुरते? छपराखालच्या खांबाला पाच-सात वर्षे, उघड्या सज्जाच्या फळीला जेमतेम एक वर्ष. याचाच अर्थ असा की तेल हे पांघरूण लावणारी माणसे ज्या घरात कायम आहेत त्या घराचे पांघरूण आहे. मराठी दरबारांत इमारतीचा कारखाना, फरासखाना अशी स्वतंत्र खाती असत. सुतार आणि गवंडी वेतनावर असत. दसरा-दिवाळीच्या आधी वाडा झाडून, घासून, तेल-चुना देऊन तयार करण्याचा प्रघात असे. त्या व्यवस्थेत तेलाचे वार्षिक काम कोणालाही ओझे वाटण्याचे कारण नव्हते.

तेलिया रंग डब्यांतून आला तो इंग्रजी अंमलाबरोबर. प्रथम तो विलायतेहून येई. १९०२ मध्ये हावड्यास हिंदुस्थानातील पहिला मोठा रंगकारखाना सुरू झाला, आणि रेल्वेचे डबे, पूल, बंगले, कचेऱ्या यांना रंग देण्याची रीत गावोगाव पसरली. संस्थानिकांच्या वास्तूही या लाटेबाहेर राहिल्या नाहीत. इंदुरातच खान नदीच्या काठी १८८६ ते १९२१ या काळात उभारला गेलेला लालबाग राजवाडा पाहावा. त्याचे दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांच्या धर्तीवर घडविलेले, दालने पाश्चात्त्य थाटाची, रंगविलेली आणि सोनेरी वर्ख दिलेली. तथापि तेथेही नृत्यगृहाची लाकडी जमीन, जी पायांखाली किंचित लवावी म्हणून स्प्रिंगांवर बसविल्याचे सांगतात, ती रंगाने झाकलेली नाही. पायाखालच्या लाकडावर रंग टिकत नाही, तेथे मेणाचा किंवा तेलाचाच हात चालतो, हे विलायती कारागीरही जाणून होता.

रंगाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. सूर्यकिरण हा लाकडाचा मोठा शत्रू आहे. त्यातील अतिनील किरणे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक मोडतात, पाऊस तो धुऊन नेतो, आणि उघडे लाकूड हळूहळू राखाडी होऊन झिजत जाते. ही झीज मात्र समजली जाते तितकी भयंकर नसते. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात ती शंभर वर्षांत सुमारे सहा मिलिमीटर, सागासारख्या कठीण लाकडात त्याहूनही कमी. जाड रंग ही किरणे पूर्णपणे अडवितो. उलट नितळ रोगण ती आरपार जाऊ देते, आणि रोगणाखालचे लाकूड मोडल्यावर वरचा काचेसारखा थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. म्हणूनच उन्हात नितळ रोगण हे तिन्ही उपायांत सर्वांत अल्पायुषी ठरते. तेलात काव खलून लावण्याची जुनी रीत येथे शहाणपणाची दिसते. मातीचा कण सूर्याला अडवितो, तेल पाण्याला अडविते, आणि लाकूड झाकले न गेल्यामुळे त्याची प्रकृती डोळ्यांना दिसत राहते. आजकाल पेठेत ‘वुड स्टेन’ म्हणून जे द्रव्य मिळते त्याचे तत्त्व मुळात हेच आहे.

उभ्या लाकडावर, वळचणीच्या आश्रयाने, रंग उत्तम टिकतो. दारे, खिडक्या, गजांची चौकट यांना दहा वर्षे हात लावावा लागत नाही. खरा प्रश्न आडव्या लाकडाचा आहे. सज्जाची जमीन घ्या. तिच्यावर पाणी साचते, ऊन सरळ पडते, आणि माणसे चालतात. लाकूड ओले झाले की आडवे फुगते, वाळले की आकसते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, तरी हलतोच. दोन फळ्यांच्या सांध्यावर बसलेला रंगाचा थर ही हालचाल काही ऋतू सोसतो आणि मग केसाएवढी भेग देतो. पाणी त्या भेगेतून आत जाते, परंतु बाहेर येण्याची वाट रंगानेच बंद केलेली असते. रंगाखालची फळी आश्विनात आणि कार्तिकातही ओलीच राहते. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली असेपर्यंत कुजविणारी बुरशी जगू शकत नाही. तो त्याच्या बराच वर रेंगाळला की तिचे राज्य सुरू होते. आणि या सर्व काळात वरून पाहणाऱ्यास फळी तुकतुकीत, नवी दिसते. पाय खाली जातो तेव्हाच सर्व उघडकीस येते.

सागाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या अंगचे तेलकट द्रव्य, ज्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, तेच रंगाला घट्ट बसू देत नाही. म्हणजे ज्या लाकडास रंगाची गरज सर्वांत कमी त्यालाच रंग सर्वांत कमी मानवतो! फणस, आंबा यांसारख्या लाकडांची गोष्ट निराळी. तेथे रंग न देणे हेच चुकीचे ठरेल.

राजवाड्याला पुन्हा आग लागली ती १९०८ मध्ये. त्यानंतर संस्थानाचे वैभव अन्य वास्तूंकडे वळत गेले. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतर एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन स्थापत्यकाराकडून माणिकबाग हा अगदी आधुनिक प्रासाद बांधून घेतला. याच यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुशी यांस ध्यानमंदिराच्या योजनेसाठी पाचारण केले आणि १९३७-३८ च्या सुमारास ते इंदुरात येऊनही गेले. ते मंदिर कधीच बांधले गेले नाही. परंतु त्या मंदिरासाठी योजिलेले असावे असे मानले जाणारे ‘राजांचा राजा’ हे ओक लाकडाचे उंच शिल्प न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. त्यावर रंगाचा लेप नाही. भेगा आणि रेषा आहेत तशा दिसतात. हे शिल्प इंदुरास आले असते तर माळव्याच्या हवेत त्याचे काय झाले असते, याची कल्पना सुतारकाम जाणणाऱ्याने अवश्य करून पाहावी.

१९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. कारखाने, खाती आणि वेतनावरचे सुतार यांचे दिवस सरले. राजवाड्यासारखी वास्तू तेव्हापासून अशा स्थितीत आली की तिचे कौतुक करणारे पुष्कळ, परंतु कार्तिकात तेलाचे भांडे घेऊन सातव्या मजल्यावर चढणारा कोणी नाही. हिंदुस्थानातील बहुतेक लाकडी वाड्यांची हीच कहाणी आहे. अशा वेळी रंगाचा डबा मोठा मोह घालतो. एकदा कंत्राट दिले, उद्घाटनाआधी सर्व काही चकचकीत झाले, पुढची आठ-दहा वर्षे खर्चाचे नाव नको. जुन्या वाड्यांच्या खांबांवर असे थर एकावर एक चढत गेलेले आढळतात. केळफुलाच्या पाकळ्या आणि घोडक्यांवरील नक्षी त्यांत बुजून जाते.

हे थर काढणे हेही जोखमीचे काम आहे. जुन्या रंगांत सफेता आणि शेंदूर, म्हणजे शिशाची द्रव्ये, सर्रास असत. काचकागदाने कोरडे घासल्यास त्यांची विषारी धूळ श्वासावाटे अंगात जाते; लहान मुलांना ती विशेष घातक. भारतात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. म्हणजे त्यापूर्वीचा कोणताही थर संशयास्पद समजूनच, ओला करून, तोंडाला फडके नव्हे तर योग्य मुखपट्टी बांधून काढला पाहिजे.

१९८४ च्या दंगलींत राजवाडा तिसऱ्यांदा जळाला. सात मजली दर्शनी भाग वाचला. मागील चौकाभोवतीचा मोठा भाग नष्ट झाला. जाड तुळई आणि बारीक नक्षीची जाळी यांची आगीतील वागणूक अगदी भिन्न असते. जाड लाकडाचा बाहेरचा भाग कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. साधारणपणे मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या गतीने आग आत सरकते. पातळ फळ्या, झिलमिल्या, जाळ्या मात्र बघता बघता जातात, आणि त्यांच्यावर तेलिया रंगाचे अनेक जुने थर असले की ज्वाला पृष्ठभागावरून अधिक वेगाने धावते. या बाबतीत तेलही निर्दोष नाही हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पुसून न काढलेले, वर्षानुवर्षे साचलेले चिकट तेल हेही एक प्रकारचे इंधनच होय.

मागील भाग वीस वर्षांहून अधिक काळ भग्नावस्थेत राहिला. यशवंतरावांच्या कन्या उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००६-०७ मध्ये तो मूळ घाटाप्रमाणे आणि शक्य तितके मूळ जातीचे साहित्य योजून पुन्हा उभारण्यात आला. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड यांचे देवालयही पुन्हा सुस्थितीत आले. भस्म झालेली वास्तू सिमेंटच्या सांगाड्याने न भरता जुन्या रीतीने बांधावी हा निर्णय त्या काळी साधा नव्हता. लाकूड पुन्हा आले, आणि त्याबरोबर लाकडाचे सर्व जुने प्रश्नही परत आले : पाऊस, ऊन, वाळवी आणि अग्नी.

आज या प्रश्नांस पूर्वजांना उपलब्ध नसलेली काही उत्तरे आहेत. टंकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण कोरड्या लाकडात मुरविले असता वाळवी व बुरशी दोहोंना पायबंद बसतो आणि लाकूड पेटण्यासही काहीसा अडथळा होतो. परंतु हे द्रावण पाण्यात विरघळणारे असल्याने उघड्यावर वाहून जाते, छपराखालीच उपयोगी पडते. आग लागताच फुगून जाड फेसासारखे कवच बनणारे लेपही मिळतात. ते रंगाच्या रूपातही येतात आणि नितळ रूपातही. सार्वजनिक वास्तूत लाकडाचे वरचे मजले असतील तर अशा लेपाचा विचार टाळता येत नाही, मग तेलाच्या रेषांचे सौंदर्य थोडे उणे झाले तरी चालेल. ज्या वास्तूने १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी पाहिल्या तिच्या बाबतीत हा मुद्दा वादाचा राहू नये. मात्र हा लेप तुळयांना, तक्तपोशीला आणि जाळ्यांना. चालण्याच्या फळीला नव्हे.

अन्य देशांतील लोकांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहणे मनोरंजक आहे. स्वीडनमध्ये फालुन येथील तांब्याच्या खाणीतून निघणारी लाल माती राईचे पीठ, पाणी आणि थोडे जवसाचे तेल यांत शिजवून घरांना लावतात. हा लेप थर धरीत नाही, सुटत नाही. फक्त भुकटी होऊन झिजतो, आणि झिजला की झाडून पुन्हा लावता येतो. नॉर्वेतील बाराव्या शतकातली लाकडी देवळे डांबराच्या पुनःपुन्हा दिलेल्या हातांवर आजतागायत उभी आहेत. जपानात तर दोन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. निक्को येथील तोशोगू देवस्थान लाखेने आणि रंगांनी ओतप्रोत भरलेले आहे. इसे येथील महामंदिराच्या लाकडाला रंगाचा हातही लागत नाही. मात्र इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधले जाते. २०१३ मध्ये ते असे बासष्टाव्यांदा बांधण्यात आले. लाकडाला काहीच न लावण्याची किंमत किती असते, हे त्यांनी हिशेब करूनच ठरविले आहे.

इंदूरचा नियम जसाच्या तसा गोव्यात आणता येत नाही. माळव्यात दसऱ्यानंतर हवा झपाट्याने कोरडी होते आणि तेल आठ-दहा दिवसांत घट्ट धरते. कोकणच्या दमट हवेत नुसते जवसाचे तेल बुरशीला खाद्यच पुरविते, आणि खांब दोन पावसाळ्यांत काळवंडतो. म्हणून आपल्याकडील सुतारांनी काजूच्या टरफलाचे तेल वाशांना व तुळयांना लावले, कोळ्यांनी होड्यांना माशांचे तेल चोपडले. ही तेले उग्र, दुर्गंधी आणि काळी. काजूच्या टरफलाचे तर कातडी भाजणारे. परंतु बुरशी आणि वाळवी त्यांच्या वाटेस जात नाहीत. पोर्तुगीज काळातील घरांच्या ऐन, किंदळ आणि सागाच्या खिडक्यांना तेलिया रंग देण्याची रीत रूढ झाली तीही विचारपूर्वकच. उभे लाकूड, वर कौलांची वळचण, आणि वर्षातून चार महिने झोडपणारा पाऊस. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांनी चौरंग-पाटांसाठी लाखेचे रंग योजिले, कारण ते लाकूड घरात राहावयाचे होते.

देवस्थानांतील लाकडाचाही असाच वेगवेगळा विचार झाला पाहिजे. बांदिवड्याच्या श्रीमहालक्ष्मी देवस्थानातील विष्णुमूर्तींसारखे कोरीव काम, सभामंडपातील खांब, पालखी, लालखी, रथ आणि नगारखान्याच्या माडीची जमीन ही सर्व एकाच कंत्राटात, एकाच डब्यातील एकाच रंगाने उरकावयाची वस्तू नव्हे. मूर्तीला आणि नक्षीला रंगाचा थर मुळीच चढवू नये. जेथे पूर्वी रंग होता तेथे जाणकाराकडून तपासूनच हात घालावा. रथाची चाके उन्हापावसात फिरतात. नगारखान्याच्या फळ्यांवर माणसे चालतात, आणि वळचणीतून येणारा वावझडीचा पाऊस त्यांना भिजवितो. त्यांची गत इंदूरच्या सज्जासारखीच आहे.

अशा फळीची पारख करण्याची रीत जुन्या सुतारांना ठाऊक होती, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. पावसाळा संपून पंधरा-वीस दिवस कडक ऊन पडल्यावर फळी झाडून घ्यावी. पटाशीच्या मुठीने तिच्या टोकांवर, खिळ्यांभोवती आणि सांध्यांवर ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर गाभा शाबूत आहे, भरीव परंतु मेलेला आला तर फळी उचलून खालची बाजू पाहिली पाहिजे. मग पाण्याचे दोन-चार थेंब तिच्यावर टाकून थोडा वेळ थांबावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अद्याप आपले काम करीत आहे आणि यंदा नुसते पुसून भागेल. थेंब पसरून लाकडात काळसर डाग पडला, तर तेल तापवावयास ठेवावे.